कोलकाता: घडवणाऱ्या हातांच्या गल्ल्या

कोलकात्याला जायचं तर पूजेत जा, असं सगळे सांगतात. मी म्हणेन, पूजेच्या थोडं आधी जा. आपल्याकडे गणपतींचं विसर्जन होऊन पितृपक्ष लागतो, तेव्हा तिकडे दुर्गापूजेच्या तयारीला वेग आलेला असतो. मंडपातली सजलेली देवी लाखो लोक बघतात. ती पेंढ्यातून आणि चिखलातून आकाराला येताना बघायची असेल, तर हेच दिवस.

सोबत मावशी होती. तिचा जन्म शाळेत चित्रकला शिकवण्यात गेला आहे. चित्रापुढे उभं राहून नुसतं 'छान आहे' म्हटलेलं तिला चालत नाही; रंग कुठला, कागद कुठला, रेघ कुठून सुरू झाली, हे सगळं विचारते. तिच्यामुळे हा प्रवास सावकाश झाला, आणि कोलकाता सावकाश बघण्याचंच शहर आहे.

मुक्काम मुद्दाम उत्तर कोलकात्यात, गिरीश पार्क मेट्रो स्टेशनजवळ ठेवला. देशातली पहिली मेट्रो १९८४ मध्ये इथे धावली. आम्हाला बघायचं होतं ते जवळजवळ सगळं त्याच उत्तर-दक्षिण मार्गाच्या आसपास आहे. बहुतेक पर्यटक पार्क स्ट्रीटच्या बाजूला उतरतात आणि उत्तरेकडे अर्धा दिवस काढून जातात. कलेसाठी जाणाऱ्यांनी याच्या बरोबर उलट करावं.

गुरुवार: कुमारटुली आणि बागबाजार

शोभाबाजार-सुतानुटी स्टेशनातून बाहेर पडून नदीच्या दिशेने चालत गेलं की बनमाली सरकार स्ट्रीट येतो. नाव स्ट्रीट, पण आहे गल्लीच. दोन्ही बाजूंना बांबू आणि ताडपत्रीचे कारखाने, आणि त्यांत दाटीवाटीने उभ्या देवी. काही नुसत्या पेंढ्याच्या, काही ओल्या करड्या मातीच्या, काही पांढरा हात दिलेल्या. सिंह आहेत, महिषासुर आहेत, कार्तिक-गणेश आहेत. डोळे मात्र बहुतेकींना अजून नव्हते.

पेणच्या गणपतींचे कारखाने मी लहानपणापासून पाहिले आहेत. तिथे साच्यातून मूर्ती निघते आणि मग रंगकामाला लागते. इथे सुरुवात लाकूड-बांबूच्या सांगाड्यापासून होते. त्याला 'काठामो' म्हणतात आणि रथयात्रेच्या दिवशी त्याची पूजा होते. त्यावर पेंढा सुतळीने आवळून अंग बांधतात: मांड्या, कंबर, दंड, सगळं पेंढ्याचंच. मग पहिला थर चिकट मातीचा, भाताचा तूस मिसळलेला. तो वाळला की दुसरा थर बारीक मातीचा. माती हुगळीच्या पात्रातून होडीने येते. वाळताना भेगा पडतात, त्या पातळ मातीत भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या चिकटवून बुजवतात. मग खडू आणि चिंचोक्याच्या खळीचा पांढरा हात, आणि त्यानंतर रंग. केस तागाचे.

एका कारखान्याच्या दाराशी एक वयस्कर कारागीर बोटं करत बसले होते. नुसती बोटं. मातीची छोटी वळी तळहातावर लांबवायची, टोकाशी निमुळती करायची, बांबूच्या कोरणीने दोन पेरांच्या खुणा, मग नखाची अर्धगोल रेघ, आणि शेवटी अंगठ्याने हलका बाक. एक बोट फळीवर ठेवलं की दुसरं. दहा हातांची देवी, म्हणजे तिचीच पन्नास बोटं; शिवाय लक्ष्मी, सरस्वती, कार्तिक, गणेश, असुर. मावशी त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. मग हिंदीत म्हणाली, "दादा, प्रत्येक बोटाचा बाक वेगळा आहे." ते वर न बघता म्हणाले, "दिदी, प्रत्येक हातात हत्यार वेगळं आहे ना. त्रिशूळ धरणारी बोटं आणि कमळ धरणारी बोटं एक कशी असतील?" मावशीने हे वाक्य वहीत लिहून घेतलं.

चेहरा साच्यात घडवून नंतर बसवतात, पण डोळे रेखणं हे मोठ्या कारागिराचं काम. परंपरेने ते महालयेला, म्हणजे आपल्या सर्वपित्री अमावास्येला होतं. त्याला 'चक्षुदान' म्हणतात. आणखी एक प्रथा इथे अनेकांकडून ऐकली: मूर्तीच्या मातीत वेश्यावस्तीतल्या अंगणाची चिमूटभर माती मिसळली पाहिजे. सोनागाछी इथून हाकेच्या अंतरावर आहे. ज्या बायकांना समाजाने उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्यांच्या उंबऱ्यावरच्या मातीवाचून देवी पूर्ण होत नाही, हे ऐकल्यावर मला त्या करड्या मूर्ती निराळ्या दिसू लागल्या. मान एकीकडे आणि जगणं दुसरीकडे, ही फारकत मात्र तिथेही आपल्याइतकीच खोल आहे.

इथल्या पाल कुटुंबांचे पूर्वज बरेचसे नदिया जिल्ह्यातल्या कृष्णनगरकडून आले. जुनी पद्धत 'एकचाला', म्हणजे सगळं देवकुटुंब एकाच प्रभावळीत. १९२४ च्या लंडनजवळच्या वेम्बली प्रदर्शनात जाऊन आलेले गोपेश्वर पाल यांनी नंतर प्रत्येक मूर्ती सुटी घडवायला सुरुवात केली. आज सार्वजनिक मंडपांत दिसणाऱ्या, नाट्यप्रवेशासारख्या रचनांची वाट तिथून मोकळी झाली. परदेशी जाणाऱ्या मूर्ती आता फायबरच्या किंवा पाणथळीत वाढणाऱ्या झुडपाच्या पांढऱ्या गाभ्याच्या, म्हणजे शोल्याच्या असतात. एका कारखान्यात लाकडी खोक्यात अशी देवी बसवत होते. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्याचे फलक जागोजागी दिसतात. कारागीर मात्र पावसाची चिंता करत होते. एवढ्यात सर आलीच. प्लास्टिकचे कागद भराभर ओढले गेले, आणि आत ओल्या मूर्तींवर ब्लोलॅम्पच्या निळ्या ज्योती फिरू लागल्या.

पाऊस थांबल्यावर बागबाजारकडे चालत गेलो. याच भागात 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली आहे. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये शिरल्या, तेव्हा घाबरलेल्या कलकत्त्याने शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत, खंदक अर्धवट राहिला, पुढे बुजवला गेला. नाव राहिलं. आपण शाळेत या मोहिमांकडे चौथाई आणि पराक्रम म्हणून बघायला शिकलो. इथल्या आया पिढ्यानपिढ्या बाळाला निजवताना 'बर्गी आले', म्हणजे मराठे स्वार आले, असं गातात: बर्गी देशात आले, धान्य पाखरांनी खाल्लं, आता सारा कशातून भरू? कोपऱ्यावरच्या चहावाल्याने आम्ही महाराष्ट्रातले आहोत हे कळल्यावर हसून त्या ओळी म्हणून दाखवल्या आणि चहा पुढे केला. तो प्रेमाने बोलत होता, पण त्या गाण्यातली भीती खऱ्या गावांची होती. मराठी माणसाने बागबाजारला जावं आणि त्या गल्लीत दोन मिनिटं उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

नटवर्य गिरीशचंद्र घोष यांचं घर इथेच, रस्त्याच्या मधोमध; रस्ता रुंद करताना ते वाचवलं आणि वाहतूक दोन्ही बाजूंनी वळवली. जामिनी राय यांनीही बागबाजारच्याच गल्लीत राहून तैलरंगातली पाश्चात्त्य वाट सोडली आणि पटचित्रांच्या जाड, गोल रेघेकडे वळले.

शुक्रवार: जोडासांको आणि चितपूर

जोडासांको ठाकुरबाडी आमच्या मुक्कामापासून चालत दहा मिनिटांवर. १७८४ मध्ये नीलमणी ठाकूर यांनी इथे घर उभारलं. रवींद्रनाथ ७ मे १८६१ ला इथे जन्मले आणि ७ ऑगस्ट १९४१ ला इथेच गेले. लाल भिंती, हिरवी झडपं, मधलं अंगण. चपला बाहेर काढून आत जायचं, फोटो काढायचे नाहीत. हा नियम मला फार आवडला, कारण मग माणसं खरोखर बघतात.

खोल्या क्रमाने लागतात आणि शेवटच्या आजारपणातल्या खोलीशी बहुतेकांचे पाय थांबतात. मी मात्र सर्वांत जास्त रेंगाळले ते कुटुंबातल्या इतरांपाशी. थोरल्या भावांपैकी सत्येंद्रनाथ हे आय.सी.एस. झालेले पहिले भारतीय. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी आपल्या मुंबई इलाख्यात काढली. तुकारामांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी मुंबईत पारशी बायकांची साडी नेसण्याची पद्धत पाहिली, तीत आपले बदल केले आणि ती बंगालमध्ये रुजवली. घराबाहेर पडणाऱ्या बंगाली बाईला पोलकं-परकरासह नीट नेसता येईल अशी साडी त्यातून मिळाली. सतरा वर्षांच्या रवींद्रनाथांना विलायतेला धाडण्याआधी १८७८ मध्ये मुंबईला ठेवलं होतं, ते प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी. त्यांची मुलगी अन्नपूर्णा त्यांना इंग्रजी संभाषण शिकवत होती. रवींद्रनाथांनी तिला 'नलिनी' हे नाव दिलं आणि ते पुढे त्यांच्या कवितेत येत राहिलं. बर्गींच्या गल्लीनंतर दुसऱ्याच दिवशी हे सगळं समोर आलं आणि बरं वाटलं.

मावशीला हवे होते अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ. रवींद्रनाथांचे हे पुतणे शेजारच्या पाच नंबरच्या घरात राहत. त्या घराच्या दक्षिणेकडच्या व्हरांड्यात बसून त्यांनी आधुनिक भारतीय चित्रकलेचा मोठा भाग घडवला. ते घर आज नाही, पाडलं गेलं. मावशीला ते आधीच माहीत होतं, तरी ती त्या बाजूला जाऊन उभी राहिली. १९०३ मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुनसो हे जपानी चित्रकार कलकत्त्यात आले. त्यांना काम करताना बघून अवनींद्रनाथांनी आपलं वॉश तंत्र बसवलं. जलरंग लावायचा, वाळू द्यायचा, अख्खा कागद पाण्यात बुडवायचा, पुन्हा रंग द्यायचा. असं अनेकदा केलं की रंग कागदात मुरतो आणि चित्रावर धुकं पसरल्यासारखं दिसतं. गगनेंद्रनाथांनी याच अंगणातून समाजावरची झणझणीत व्यंगचित्रं काढली आणि पुढे घनवादाच्या, म्हणजे क्युबिझमच्या वाटेने प्रकाशाचे तुकडे रंगवले. १९२२ च्या डिसेंबरात याच मंडळींच्या इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टने जर्मनीच्या बाउहाउस या कलाशाळेतली चित्रं कलकत्त्यात मागवून प्रदर्शन भरवलं. क्ली आणि कँडिन्स्की या तिथल्या चित्रकारांची कामं तेव्हा या शहराने पाहिली.

रवींद्रनाथ स्वतः साठी उलटल्यावर चित्रांकडे वळले. कवितेच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द एकमेकांना जोडता जोडता आकार निघू लागले. पहिलं प्रदर्शन १९३० मध्ये पॅरिसला झालं आणि मागे दोन हजारांहून अधिक चित्रं राहिली. मला त्यांतले बायकांचे लांबट, गप्प चेहरे विसरता येत नाहीत.

दुपारी रवींद्र सरणीवरून, म्हणजे जुन्या चितपूर रोडवरून दक्षिणेकडे निघालो. शहर वसण्याआधीपासूनची ही वाट. जात्रा कंपन्यांची कार्यालयं इथे ओळीने आहेत. जात्रा म्हणजे चारही बाजूंनी प्रेक्षक बसवून होणारं गावोगावचं नाटक. रथयात्रेला नव्या हंगामाच्या सुपाऱ्या सुरू होतात आणि पूजेपासून कंपन्या दौऱ्यावर निघतात. आम्ही गेलो तेव्हा प्रत्येक दारावर भडक लाल-पिवळी पोस्टरं होती, आत व्यवस्थापक तारखांची वही उघडून फोनवर होते. पुढे लालबाजारकडे सतार, सरोद, तबल्यांची दुकानं. एका दुकानात भोपळे दोरीला टांगलेले, आणि खाली एक तरुण सतारीच्या जवारीवरून, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवरून, कानस फिरवत होता. दोन वेळा घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. नाखुदा मशिदीचा लाल दगडी दरवाजा दिसेपर्यंत संध्याकाळ झाली. ही मशीद सिकंदऱ्याच्या अकबराच्या कबरीवरून बेतलेली आहे. आसपास अत्तरांची दुकानं, त्यामुळे तो चौक वासावरूनच ओळखू येतो.

शनिवार: कॉलेज स्ट्रीट आणि हातीबागान

कॉलेज स्ट्रीटला रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. १८१७ चं हिंदू कॉलेज, म्हणजे आजचं प्रेसिडेन्सी विद्यापीठ, १८२४ चं संस्कृत कॉलेज, १८५७ चं कलकत्ता विद्यापीठ, सगळं एका रस्त्यावर, आणि त्यांच्या कुंपणांना टेकून पुस्तकांच्या टपऱ्या. अभियांत्रिकीच्या गाईडांखाली जुने कवितासंग्रह दबलेले. विक्रेता बाहेरच बसतो, आपण नाव सांगायचं, तो हात घालून नेमकं पुस्तक ओढून काढतो. मावशीला एका टपरीवर बंगाल शैलीच्या चित्रांचा एक जुना संच मिळाला, कडा वाळवीने खाल्लेल्या, छपाई मात्र ताजी. घासाघीस करायला ती तयारच झाली नाही.

त्याच भागातल्या टेमर लेनमध्ये एका राहत्या घरात लघुनियतकालिकांचं ग्रंथालय आहे. राष्ट्रीय ग्रंथालयात अशा नियतकालिकांचा गठ्ठा टाकून देण्यासाठी बाजूला काढलेला तरुण संदीप दत्त यांनी पाहिला, त्यातून जमवाजमव सुरू झाली आणि १९७८ मध्ये त्यांनी स्वतःच्या घरी हे ग्रंथालय उघडलं. २०२३ मध्ये ते गेले. मराठीत साठच्या दशकात लघुअनियतकालिकांची केवढी चळवळ झाली! त्यांतले किती अंक आज एका जागी बघायला मिळतात? जमिनीपासून छतापर्यंत रचलेले ते पातळ, पिवळे पडलेले अंक बघताना हेच मनात येत होतं. सरकार नाही, अनुदान नाही, एका माणसाने ठरवलं आणि एका भाषेची अर्धशतकाची धडपड टिकली. या संपूर्ण प्रवासात मला सर्वांत जास्त हेवा वाटला तो याच खोलीचा.

मग अर्थात कॉफी हाउस. १८७६ चा अल्बर्ट हॉल, त्यात १९४२ पासून कॉफी. उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, वरच्या सज्जातून खालची सगळी टेबलं दिसतात. बिनदुधाच्या कॉफीला इथे 'इन्फ्युजन' म्हणतात. फेटा बांधलेले वाढपी कुणालाही उठवत नाहीत. एका कपावर दोन तास बसलेली टोळकी प्रत्येक टेबलावर. शेजारी चार मुलं एका अंकाची प्रुफं तपासत होती, विरामचिन्हांवरून चांगलाच वाद रंगला होता. कॉफी साधारण आहे, पण तिथे जायचं ते कॉफीसाठी नव्हे.

संध्याकाळी हातीबागानच्या स्टार थिएटरला गेलो. मूळ स्टार १८८३ मध्ये बीडन स्ट्रीटवर उभं राहिलं, त्यामागे नटी विनोदिनी दासी होती. थिएटरसाठी पैसा उभा राहावा म्हणून तिने एका धनिकाचा आश्रय पत्करला, थिएटरला तिचं नाव देऊ असा शब्द तिला दिला गेला, आणि नोंदणी झाली ती 'स्टार' या नावाने. नाटक मंडळींना भीती, की वेश्येच्या घरातून आलेल्या बाईचं नाव पाटीवर दिसलं तर लोक येणार नाहीत. २१ सप्टेंबर १८८४ ला रामकृष्ण परमहंसांनी येऊन तिची चैतन्य महाप्रभूंची भूमिका पाहिली आणि तिला आशीर्वाद दिला. दोन-तीन वर्षांत, ऐन तेविशी-चोविशीत तिने रंगभूमी सोडली. हातीबागानची वास्तू १८८८ ची, १९९१ मध्ये जळाली, २००४ मध्ये पुन्हा उघडली. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस राज्य सरकारने थिएटरला विनोदिनीचं नाव देण्याची घोषणा केली. दिलेला शब्द पाळायला या शहराला एकशे चाळीस वर्षं लागली. स्त्रियांच्या भूमिका पुरुष करत होते त्या काळात रंगमंचावर पाऊल ठेवणाऱ्या बायकांनी काय सोसलं, याचा हिशेब आपल्याकडेही अजून व्हायचा आहे.

रविवार: चौरंगी आणि अकादमी

सोमवारी संग्रहालयं बंद असतात, म्हणून रविवार त्यांच्यासाठी राखला. इंडियन म्युझियम १८१४ चं, देशातलं सर्वांत जुनं; चौरंगीवरची पांढरी खांबांची इमारत १८७८ पासूनची. लोक ममीकडे धावतात. तुम्ही आधी भारहूतच्या दालनात जा. मध्य प्रदेशात सतना भागात १८७३ मध्ये कनिंगहॅमना हा स्तूप सापडला आणि त्याचा तांबड्या वालुकाश्माचा कठडा इथे आणून उभा केला. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातलं काम.

त्यातलं एक गोल शिल्प शांतपणे बघण्यासारखं आहे. खाली जू सोडलेली बैलगाडी, बैल बाजूला बसलेले. गाडीतून नाणी उतरवली जात आहेत. दोन माणसं वाकून चौकोनी नाणी जमिनीवर फरशीसारखी एकाला एक लावून मांडत आहेत. मधोमध अनाथपिंडिक हातात झारी घेऊन दानाचं पाणी सोडायला उभा. त्याला बुद्धासाठी जेत राजपुत्राची बाग हवी होती, आणि किंमत ठरली ती सगळी जमीन झाकेल इतकी नाणी. खाली ब्राह्मीत एका ओळीत हेच कोरलं आहे, की कोटी अंथरून विकत घेतलेलं जेतवन अनाथपिंडिक देतो आहे. मावशी म्हणाली, "शाळेच्या मुलाला हे चित्र दे, वाचता येत नसलं तरी गोष्ट सांगेल." माझ्या डोक्यात अजून कुमारटुलीतली बोटं होती. तो झारीचा हातही कुणीतरी असाच विचार करून वळवला असणार. फरक एवढाच, की हा दगड बावीसशे वर्षं राहिला आणि ती माती महिन्याभरात नदीत विरघळेल. घडवणाऱ्याने कष्ट मात्र तेवढेच घेतले आहेत.

शेजारी सरकारी कला महाविद्यालय, १८५४ चं, म्हणजे आपल्या जे. जे. पेक्षा थोडं थोरलं. १८९६ मध्ये हॅवेल इथे प्राचार्य म्हणून आले. युरोपीय चित्रांच्या नकला करवण्याऐवजी मुघल आणि राजपूत चित्रं मुलांपुढे ठेवा, असा आग्रह त्यांनी धरला. तेव्हा त्याला विद्यार्थ्यांनीच विरोध केला होता.

व्हिक्टोरिया मेमोरियल थोडक्यात. १९२१ मध्ये खुलं झालं, मकराण्याचा संगमरवर, बागा सुंदर, गर्दी प्रचंड. आत डॅनियल काका-पुतण्यांनी काढलेली अठराव्या शतकाअखेरच्या हिंदुस्थानची चित्रं आहेत, आणि रशियन चित्रकार व्हेरेश्चागिनचं जयपूरच्या मिरवणुकीचं अवाढव्य तैलचित्र. ही दोन बघा आणि बाहेर पडा.

तिथून चालत सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या बाजूने अकादमी ऑफ फाइन आर्ट्सला आलं की खरं कोलकाता पुन्हा भेटतं. लेडी रानू मुखर्जींनी १९३३ मध्ये ही संस्था सुरू केली. पुढच्या बाजूला चित्रांची दालनं, आत नाट्यगृह, आणि शेजारीच १९८५ मध्ये सत्यजित राय यांच्या हस्ते सुरू झालेलं 'नंदन' चित्रपटगृह. फुटपाथवर मुलं-मुली गिटार घेऊन बसलेली, कुणी चेहरे रेखाटून देत होतं. आम्ही एका ग्रुप थिएटरच्या प्रयोगाची तिकिटं काढली. भाषा निम्मी कळली, पण प्रेक्षक बघण्यासारखे होते: प्रयोग संपल्यावर बरेचसे निघून न जाता पायऱ्यांवर थांबले, नट मेकअप पुसून बाहेर आले आणि अर्धा तास चर्चा झाली. बहुरूपी ही संस्था १९४८ ची, नांदीकार १९६० ची. नोकऱ्या सांभाळून संध्याकाळी तालमी करणाऱ्या माणसांनी ही परंपरा चालवली आहे. तेंडुलकर बंगालीत गेले, बादल सरकार मराठीत आले. आम्ही महाराष्ट्रातले म्हटल्यावर एका आजोबांनी आधी तेंडुलकरांचंच नाव घेतलं आणि मग हल्ली तिकडे नवीन कोण लिहितंय, असं विचारलं. मी तीन-चार नावं दिली, ती त्यांनी तिकिटाच्या मागे लिहून घेतली.

सोमवार: कालीघाट

कालीघाटचं आजचं मंदिर १८०९ चं. दर्शनाची रांग मोठी होती, आम्ही बाहेरूनच नमस्कार केला आणि पटुआपाड्यात, म्हणजे पट रंगवणाऱ्यांच्या जुन्या वस्तीत गेलो. एकोणिसाव्या शतकात याच गल्ल्यांतून यात्रेकरूंना पैशा-दोन पैशांना पट विकले जात. गिरणीचा स्वस्त कागद, एका दमात ओढलेली बाह्यरेषा, कडेला गडद आणि आत फिकट होत जाणारा रंग. देवदेवता होत्याच. शिवाय मिशीला पीळ देणारे बाबू, तोंडात कोळंबी धरून टिळा लावलेलं ढोंगी मांजर, आणि १८७३ च्या तारकेश्वर प्रकरणातला महंत आणि त्याच्याशी संबंधावरून नवऱ्याने खून केलेली एलोकेशी. वर्तमानपत्र न वाचणाऱ्या माणसाला शहराची बातमी या पटांनी दिली. मग छापील चित्रं त्याहून स्वस्तात आली आणि १९३० च्या सुमारास हा धंदा संपला. सर्वांत मोठा संग्रह आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. त्यातला एक भाग लॉकवूड किप्लिंग यांनी जमवलेला, जे आधी मुंबईला जे. जे. मध्ये शिकवत होते. त्यांच्या मुलाने तो १९१७ मध्ये म्युझियमला दिला.

पटुआपाड्यात आज मूर्ती होतात, पट नाहीत. ते बघून मावशी थोडी खट्टू झाली. मग दुपारी गडियाहाटकडे एका छोट्या हस्तकला प्रदर्शनात मेदिनीपूरच्या नया गावातल्या एक पटुआ बाई भेटल्या. तिथल्या पटुआंचं आडनाव 'चित्रकार'. धर्माने मुसलमान, आणि रामायण, मनसामंगल म्हणजे सर्पदेवी मनसेची कथा, दुर्गा हे सगळं रंगवतात आणि गातातही. त्यांनी लांब गुंडाळी उलगडली, एका बोटाने चौकट दाखवायची आणि गायचं, चौकट संपली की खालची उघडायची. विषय माशांच्या लग्नाचा: वऱ्हाडी सगळे मासे, आणि शेवटी मोठा मासा सगळ्यांना गिळतो. रंग कुठले, हे मावशीने विचारलंच. पिवळा हळदीचा, हिरवा शेंगांच्या पानांचा, काळा दिव्याच्या काजळीचा, आणि सगळ्यांत बेलफळाचा डिंक, म्हणून पट गुंडाळला तरी रंग तडकत नाही. आम्ही तीच गुंडाळी घेतली. बाईंनी सांगितलं, नोव्हेंबरात त्यांच्या गावात पटांचा उत्सव असतो, घरोघरी भिंती रंगवलेल्या असतात, हावड्याहून रेल्वेने बालीचकला उतरायचं आणि पुढे बस. मावशीने बालीचक हे नाव त्यांच्याकडून देवनागरीत लिहून घेतलं, आणि परतीच्या विमानाची वाट बघताना रेल्वेचं वेळापत्रक उघडलं.